काकांच्या सिनेमा-अक्षरांचा फाँट करतेय, शिरोरेषेपाशी घोडं अडलंय

वेलांटीवाली (नौपाडा)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मे महिन्यात कोपरीतलं काकांचं घर रिकामं केलं, इमारत पुनर्विकासाला गेली. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत बटरपेपरच्या गुंडाळ्या, रबरबँड वितळून कागदाला चिकटलेले. काका १९७० च्या सुमारापासून पुढची अठरा-एकोणीस वर्षं सिनेमाचे बॅनर रंगवायचे. आधी मुंबईत, मग ठाण्यातल्या टॉकीजसाठी. चेहरे रंगवणारे वेगळे, काका अक्षरवाले. आता ते ८१ वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच राहतात.

रंगवलेला बॅनर एकही उरलेला नाही. उरणार कसा? सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा मारायचा आणि पुढचं नाव लिहायचं. राहिले ते फक्त हे पेन्सिलीचे आराखडे. मोजली तर ४३ नावं निघाली.

मी पॅकेजिंगमध्ये आहे, मसाल्याची पाकिटं हा माझा प्रांत. फाँट रोज वापरते, पण केलेला एकही नाही. आता या वळणाचा एक मथळ्यांचा देवनागरी फाँट करायचा असं मनात घेतलं आहे. क, म, र, द पोत्याने आहेत. ढ एकच. ळ चार आणि चारही वेगळे. ङ, ञ नाहीत, ते कुठल्या सिनेमाच्या नावात असणार म्हणा.

अडलंय ते सावलीपाशी. या अक्षरांना जाड काळी कड आहे आणि उजवीकडे खाली पडलेली सावली. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, प्रत्येकाची कड आणि सावली त्याच्याबरोबर जाते, कुणाचं कुणाला काही लागत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेने हात धरून उभी. मी प्रत्येक अक्षराला कड काढली आणि शब्द टाइप केला, तर दर जोडावर उभी काळी चीर! शब्द लोकलच्या डब्यांसारखा दिसतो. काकांना ही अडचण कधी आलीच नाही, कारण ते आधी पूर्ण शब्द लिहीत आणि मग अख्ख्या शब्दाला एकदम सावली देत. फाँट बिचारा एकेक अक्षर मांडत जातो.

कुणी हे सोडवलंय का? की कड-सावलीचा नाद सोडून नुसती भरीव अक्षरं करू?

तर्रीदार (चरई)

पहिलाच धागा आणि थेट काळजाला हात! तांत्रिक काही कळत नाही, पण अशोक, प्रभात, गणेश, वंदना, मल्हार या सगळ्या टॉकीजच्या बॅनरखालून शाळेत गेलेला माणूस आहे मी. वंदनाचं तर नावच पत्ता होऊन बसलं, रिक्षावाल्याला आजही तेवढंच सांगितलं तरी पुरतं.

आम्हाला चेहऱ्यांपेक्षा अक्षरंच आठवतात, कारण चेहरा पुष्कळदा भलत्याचाच वाटायचा. मारधाडीचा सिनेमा असला की अक्षरांना भेगा आणि लाल रंग खाली ओघळलेला. भुताचा असला की शिरोरेषेतून मेणबत्तीचं मेण गळतंय. पौराणिक असला की अक्षरांमागे सूर्यकिरणं. वाचता न येणाऱ्यालाही नाव बघून कळायचं, आत काय आहे ते.

फोटो टाका ना ताई.

काना_मात्रा (ऐरोली)

नाद सोडू नका, हे सुटतं.

चूक एवढीच की कड तुम्ही अक्षराच्या आत घालताय. तीन वेगळे फाँट करा: भर, कड, सावली. तिघांतही प्रत्येक अक्षराची रुंदी केसभरही बदलता कामा नये. 'कड' म्हणजे पोकळ रेघ नव्हे, तर तेच अक्षर चारी बाजूंनी फुगवून केलेला भरीव आकार. 'सावली' म्हणजे तोच आकार खाली-उजवीकडे ओढलेला. वापरणाऱ्याने एकच शब्द तीन वेळा एकावर एक ठेवायचा: तळाला सावली, मध्ये कड, वर भर. काळ्यावर काळं आलं की ते मिसळून जातं, आणि सगळ्यात वर भरची शिरोरेषा सलग. चीर दिसायला जागाच उरत नाही. म्हणजे काका जे करायचे तेच, आधी शब्द, मग सावली.

एका फाइलीत सगळे रंग देणारे थरांचे फाँट हल्ली निघालेत, त्यांचा मोह होईल. तिथे मात्र एक अक्षर सगळ्या थरांसकट रंगवून झालं की मगच पुढचं येतं. म्हणजे पुढच्याची काळी कड मागच्याच्या पिवळ्या भरावर चढणार आणि चिरा परत हजर. देवनागरीसाठी वेगळ्या फाइलीच बऱ्या.

एकरंगी छपाईसाठी पोकळ अक्षरच हवं असेल तर शिरोरेषेला वरची आणि खालची रेघ द्या, डावं-उजवं तोंड उघडं ठेवा. शेजारचं अक्षर आलं की रेघ पुढे चालू होईल. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटाला तोंड बंद करणारी वेगळी रूपं ठेवायची, ओपनटाइप (फाँटच्या फाइलीत असे नियम लिहायची सोय) संदर्भ बघून ती आपोआप बसवतं. काम किचकट आहे, पण होतं.

वेलांटीवाली

काना_मात्रा, दंडवत घ्या! रात्री दीड वाजता 'कमल' हा शब्द तीन थरांत लावून बघितला. एकही चीर नाही. नवऱ्याला उठवून दाखवला, तो 'छान' म्हणून परत झोपला.

जस्तब्लॉक (ठाणे पूर्व)

मी छपाईच्या धंद्यात होतो, वर्तमानपत्राच्या जाहिरातींचे जस्ताचे ब्लॉक करायचो. बॅनरइतकंच छोट्या जाहिरातीतल्या अक्षरांकडेही बघा असं सुचवेन. दोन कॉलमच्या चौकटीत सिनेमाचं नाव, नटनट्या, टॉकीजची नावं, 'रोज ३, ६, ९' एवढं सगळं कोंबायचं. आणि कागद कसला, तर शाई पिणारा. चित्रकाराने दिलेलं अक्षर छापून आल्यावर जाड झालेलं असायचं. म, भ, थ यांची पोटं बुजायची. म्हणून जाणकार चित्रकार पोटं मुद्दाम मोठी ठेवी. रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ब्लेडने बारीक खाच मारून देई. काळ्यावर पांढरं अक्षर असेल तर सगळं उलटं: चारी बाजूंची शाई आत सरकते आणि अक्षर बारीक होतं, म्हणून ते दोन केस जाड काढायचं.

तुम्ही आज जुन्या वर्तमानपत्रावरून अक्षर उचललंत तर चित्रकाराचं अक्षर अधिक कागदाने प्यायलेली शाई, असं दोघांचं मिळून काहीतरी हाती येईल. तुमच्याकडे मूळ पेन्सिलीच्या रेघा आहेत. तुम्ही नशीबवान आहात.

टंकलेखिका (ठाणे)

जस्तब्लॉककाकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

या विषयात अक्षरकार कमल शेडगे (१९३५-२०२०) यांचं नाव आल्याशिवाय कसं चालेल! सिनेमाचीही कामं त्यांनी केली, पण मराठी नाटकाच्या जाहिरातीतलं नाव त्यांच्यामुळे बघण्याची गोष्ट झालं. आमच्या घरी रविवारच्या पेपरात आधी ते पान उघडायचं. ठाण्याचं गडकरी रंगायतन नाट्यगृह १९७८ साली सुरू झालं, तिथल्या तिकीट खिडकीच्या रांगेत उभं राहून मी शेजारच्या पाट्या वाचत असे. नाटक बघायचे पैसे नसले तरी अक्षरं फुकट होती.

सिनेमाच्या बाजूने कोल्हापूर विसरू नका. बाबूराव पेंटर स्वतः पडदे रंगवणारे, त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः केली. 'प्रभात' फिल्म कंपनीची १९२९ ची स्थापना कोल्हापूरचीच, पुण्याला ती १९३३ साली गेली. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे जी. कांबळेही कोल्हापूरचे. रंगाचा डबा आणि कॅमेरा तिथे एकाच घरात नांदत होते.

नेरुळनिवासी

या वाटेवर कुणीकुणी चालून गेलंय ते आधी बघून घ्या. 'यात्रा वन' हा मोफत फाँट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. अरबीतला 'रक्कास' तर तुमच्या अगदी जवळचा, तो १९५०-६० च्या इजिप्शियन सिनेमा-पोस्टरांच्या अक्षरांवरून घेतलाय. अरबीतही अक्षरं एकमेकांना जोडलेली, म्हणजे तुमचंच दुखणं. 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचे बलू आणि मोदक हे फाँटही उघडून बघा, मोदकमध्ये अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की आतली पांढरी जागा नुसती रेघ होऊन उरलीय.

दुसरं, मराठी म्हणून फाँट काढताय तर तीन गोष्टी विसरू नका. एक, मराठी वळणाचा ल. दोन, मराठी वळणाचा श. भाषा मराठी निवडली की ही रूपं आपसूक आली पाहिजेत. तीन, 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' यांतला र. तो रफार नव्हे. 'आचार्य' वेगळा आणि 'आचाऱ्याला' वेगळा. भल्याभल्या फाँटमध्ये तो अर्धा र एवढासा दिसतो की शेजारच्या अक्षराची सुटलेली दशी वाटावी. सावलीच्या थरात तर तो गडपच होईल.

अक्षरशत्रू (वाशी)

विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

तर्रीदारांनी वर लिहिलं, मारधाडीच्या सिनेमाला भेगा, भुताच्या सिनेमाला मेण. म्हणजे प्रत्येक नाव त्या एका सिनेमासाठी शिवलेला अंगरखा होता. तुम्ही त्याचे रेडीमेड सदरे करणार. उद्या वडापावची गाडी, दहीहंडीचा फ्लेक्स, नगरसेवकाचा वाढदिवस, सगळीकडे तीच पिवळी अक्षरं आणि तीच काळी सावली. 'जुना जमाना' नावाचं एक नवं हॉटेल निघेल, त्याच्या मेनूवर पनीर टिक्का तुमच्या काकांच्या अक्षरात!

माझा प्रश्न साधा आहे. काकांची वेलांटी शब्दागणिक बदलायची की नाही? मग त्यातली कुठली तुम्ही फाँटमध्ये गोठवणार? आणि ती निवडणाऱ्या तुम्ही कोण?

तर्रीदार

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चुकलो, खारे दाणे.

वेलांटीवाली

अक्षरशत्रू, चिडले होते, म्हणून एक दिवस थांबून लिहितेय.

वेलांटी बदलायची, हो. ४३ नावांत माझ्या मोजणीने २६ वेलांट्या आहेत आणि जुळ्या दोनही नाहीत. एका नावात पहिल्या अक्षराची वेलांटी पाच अक्षरांवरून जाऊन शेवटच्या न वर उतरते. फाँटमध्ये ते जमणार नाही, मान्य. मी काय केलंय: अक्षराच्या रुंदीप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी पाच मापांत काढलीय. 'रि'ला आखूड, 'कि'ला मध्यम, 'क्षि'ला लांब. शिवाय एक मुद्दाम लांबलचक ठेवलीय, ती ज्याने त्याने हाताने निवडायची. त्यापुढचं काम ज्याला नाव लिहायचंय त्याचं.

याहून मोठं नुकसान तुमच्या नजरेतून सुटलं, ते मीच सांगते. काकांची शिरोरेषा सरळ पट्टी नाहीच. डावीकडे चार बोटं जाड सुरू होते आणि उजवीकडे जाताजाता दोन बोटं उरते, त्यामुळे शब्द रस्त्यावरून पळत पुढे आल्यासारखा दिसतो. फाँटमध्ये कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी बसायला हवं, म्हणून मला शिरोरेषा सगळीकडे एकाच जाडीची करावी लागली. ती केली त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं.

आणि निवडणारी मी कोण? पुतणी. ट्रंक भंगारात चालली होती, मी रिक्षात घातली. तूर्तास एवढाच अधिकार आहे.

अक्षरशत्रू

रिक्षाचा मुद्दा बिनतोड आहे. माघार. पनीर टिक्क्याची भीती मात्र कायम.

कोपरीकर

थोडं अवांतर. सावली नेहमी उजवीकडे खालीच का? आणि रंग पिवळा-लालच का? काकांना विचाराल का?

वेलांटीवाली

विचारलं. संध्याकाळच्या चहाला बसले होते, तासभर बोलले. जसं आठवतंय तसं लिहिते.

रंग: बॅनर बघणारा माणूस बसमध्ये असतो, बस चालू असते. गडद जमिनीवर पिवळं सगळ्यात आधी दिसतं. लाल जवळून जोरदार, पण संध्याकाळी दिवे लागायच्या आधी काळवंडतं, म्हणून लाल अक्षराला पांढरी कड हवीच.

सावली: 'आम्ही उजव्या हाताचे, पट्टी ब्रश उजवीकडे खाली आपसूक उतरतो. डावऱ्या पेंटरची सावली डावीकडे पडायची, त्याला आम्ही चिडवायचो.' शिवाय कडेला हात थरथरला असेल तर सावली झाकून घेते. 'गिऱ्हाईकाला वाटतं अक्षर उठून दिसावं म्हणून केलंय.' हे सांगताना हसले.

काम असं: आधी सुतळीला निळीची पूड लावून, दोन टोकांना दोघांनी धरून टणकारायची, की कापडावर सरळ रेघ उमटते. मग बटरपेपरवरच्या चौकोनांवरून मोठे चौकोन, त्यांत खडूने अक्षर. पुरुषभर उंचीचं अक्षर ब्रशच्या एका फटक्यात होत नाही. कड आखायची आणि आत भरायचं, भरायला नवशिकी पोरं. म्हणजे बोरू तिरपा धरल्यामुळे देवनागरीत जी जाड-बारीक लय येते ती इथे हातातून येत नाही, ती आठवून काढावी लागते. 'ज्याने पाटीवर बोरू घासला नाही त्याचं बॅनरवरचं अक्षर सुजलेलं दिसतं,' हे त्यांचं वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.

हिंदी सिनेमाला नाव तीन लिप्यांत लागायचं, नागरी, इंग्रजी, उर्दू. उर्दू लिहायला एक चाचा यायचे. त्यांच्या अक्षराचा झोक बघून काका नागरीचा झोक ठरवायचे.

काना_मात्रा

'आठवून काढावी लागते' हे फार मोलाचं आहे. फाँट करणाराही पडद्यावर बिंदू ओढत तेच करत असतो.

नेरुळनिवासी

एक रुक्ष पण गरजेचा मुद्दा, हक्कांचा. भारतात कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नाटका-सिनेमाच्या जाहिरातींतली दुसऱ्यांची नावं जशीच्या तशी उचलू नका. शेडग्यांचं उदाहरण घेतलं तर २०८० साल संपेपर्यंत हिशेब जातो. काकांची अक्षरं काकांच्या परवानगीने घ्या, आणि ती परवानगी कागदावर घ्या, घरातली असली तरी. फाँट मोफत सोडणार असाल तर खुल्या फाँट-परवान्याखाली सोडा. त्यात लोकांना बदल करायची मुभा असते आणि तुमचं श्रेय राहतं.

टंकलेखिका

आणि फ्लेक्सवाल्यांचा विचार करा. आमच्या सोसायटीच्या गणपतीचा फलक करायला गेले होते. दुकानातलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी अक्षराच्या मागे पळते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. 'श्री'चं 'श्‌री' झालं, बाप्पासमोर शरम. हा फाँट सगळ्यात जास्त तिथेच वापरला जाणार. तयार नावं चित्र म्हणून काढून देणारं एक साधं वेबपान केलंत तर बरं.

वेलांटीवाली

परवानगीचा कागद करायला बसले आणि भलतंच निघालं.

छापून काढलेली सगळी अक्षरं काकांसमोर ठेवली, भिंगासकट. क बघितला, मान डोलावली. म बघितला, 'पाय जरा जड झालाय' म्हणाले. र पाशी थांबले. म्हणाले, 'हा माझा नाही.'

मी म्हटलं, काका, तुमच्याच ट्रंकेतला आहे. ते म्हणाले, ट्रंकेत असेल. माझ्या र ची गाठ बंद असते, ही उघडी आहे. माझ्याबरोबर एकजण होता, त्याचा हा र. तो काम सोडून गावी गेला तेव्हा त्याचे कागद माझ्याकडे राहिले.

मग सगळ्या गुंडाळ्या उलगडल्या. काकांनी दोन ढीग केले, मग तिसरा. ४३ पैकी काकांची २८ नावं, त्या सोबत्याची ११, आणि चार कुणाची ते त्यांनाही आठवेना. मी सहा महिने ज्याला 'काकांचं वळण' समजत होते त्यात तीन माणसं बसली होती. आणि मला सगळ्यात आवडलेला र, ज्याच्यावरून मी स आणि ख काढले, तो दुसऱ्याचाच.

सोबत्याचं नाव काकांना ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे. बाकी काही नाही. इथे नाव लिहीत नाही, आधी त्यांच्या घरच्यांना शोधते. तोवर फाँटमध्ये काकांचा बंद गाठीचा र मूळ म्हणून बसवतेय, स आणि ख परत काढतेय. उघड्या गाठीचा र बाजूला ठेवलाय. घरचे भेटले आणि हो म्हणाले तर पर्यायी रूप म्हणून आत येईल, त्यांच्या नावासकट.

अक्षरशत्रू

मी विचारलं होतं निवडणाऱ्या तुम्ही कोण. उत्तर मिळालं. स परत काढताय म्हणजे 'स्त्र', 'स्र' वगैरे सगळंच परत. लागेल ती मदत सांगा. तपासायला शब्दांची यादी देतो, त्यात 'ऱ्हस्व' पहिला.

जस्तब्लॉक

त्या चार बेवारस नावांपैकी एखादं वर्तमानपत्रात छापून आलेलं असू शकतं. जाहिरातीच्या कोपऱ्यात चित्रकार कधीकधी बारीक सही करायचा, ब्लॉक धुताना ती आम्ही वाचवायचो. मूळ कागदावरही खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा, पेन्सिल पुसली तरी दाब राहतो.

मी ठाणे पूर्वेलाच आहे. रविवारी सकाळी काकांना चालणार असेल तर येतो. माझं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, ते आणतो. गुंडाळ्या तोवर रबरबँड न लावता सपाट ठेवा, वर जाड पुस्तकं ठेवा, आणि कागदाला इस्त्री अजिबात करू नका.

वेलांटीवाली

काका म्हणतात नक्की या. पोहे करते. इस्त्री गरम करायलाच ठेवली होती, बंद केली.